इंजिन चालू असताना बोलू नये

कानमिस्त्रीच्या गॅरेजात नियम एकच होता, आणि तो त्याने दाराच्या वर तांबड्या रंगात लिहून ठेवला होता: इंजिन चालू असताना बोलू नये. गिऱ्हाईक असो, सख्खा मेहुणा असो, नाहीतर शेजारचा पंक्चरवाला असो, बॉनेट उघडून इंजिन सुरू झालं की तोंडाला कुलूप. कोणाला ठसका लागला तरी मिस्त्री असा बघायचा की पुढचा ठसका तो माणूस रस्त्यावर जाऊन काढायचा.

नियम काही उगाच नव्हता. हा बाबा गाड्या कानाने दुरुस्त करायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर, मूठ कानामागच्या हाडावर, डोळे मिटलेले. बाकीचे मेकॅनिक अर्धं इंजिन खोलून डोकं खाजवत बसायचे तिथे हा बोट ठेवून सांगायचा, "तिसरा व्हॉल्व्ह." तिसराच निघायचा. त्यावरून नाव पडलं कानमिस्त्री, आणि ते तो पदवीसारखं मिरवायचा. पाइपांवर साबणाचं पाणी फवारून, बुडबुडे बघून गळती शोधणाऱ्यांची तर तो यथेच्छ टिंगल करायचा. "कान नसलेल्यांची आंघोळ," म्हणायचा.

राग त्याच्या नाकावर पहिल्यापासूनच, पण हल्ली तो तिथून खाली उतरायलाच तयार नव्हता. लोक तोंडातल्या तोंडात बोलतात म्हणून राग. फोन हळू वाजतो म्हणून राग. दारावरची बेल त्याने दोनदा बदलली, तरी तिसरीही त्याच्या मते कुचकामीच निघाली. बायको भाजीच्या पिशव्या घेऊन बाहेर ताटकळत उभी, हा आत खुर्चीत, आणि शेवटी दार उघडलं की वर हाच खेकसायचा, "बेल वाजवायला हात दुखतात का तुझे?" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

अशात लेकीची पिकअप बिघडली. गाडी जुनी, पेट्रोलची. लाँड्रीतून धुऊन आलेल्या चादरींची गाठोडी भरून लेक ती टेकडीवरच्या हॉस्पिटलात पोचवायची. आता गाडी उभ्या उभ्या थरथरायची, सिग्नलला बंद पडायची आणि भरलेल्या गाठोड्यांसकट चढाला लागली की जीवच टाकायची. मिस्त्रीने प्लग बदलले. पेट्रोलचा फिल्टर बदलला. कार्ब्युरेटर खोलून रॉकेलने धुतला. दर वेळी स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं. आत सगळं ठणठणीत. दर वेळी गाडी दुसऱ्या दिवशी थरथरत परत. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे एकेक संन्यासी लटकून झाले, पण चोराचा पत्ता नव्हता.

त्या दिवशी लेक परत आली तेव्हा मागे गाठोडी तशीच होती. ती उतरली आणि तिने दार धाडकन लावलं. राग तिला कुठून आला होता हे काही सांगायला नको.

"बाबा, अर्ध्या चढावरून मागे फिरले. हॉस्पिटलवाले थांबलेत. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा, मी दुसरीकडे दाखवते."

"दुसरीकडे?" मिस्त्रीचा पारा चढला. "दुसरीकडे दाखव ना! आंघोळ घालून आण तिला! क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायची, गाढवाच्या पाठीवर लादतात तसं ओझं लादायचं, आणि बापाला शिकवायचं!"

"ओझं तेवढंच आहे. पाय माझा क्लचवर नसतो. आणि ओरडू नका."

"मी कुठे ओरडतोय?" तो इतक्या मोठ्याने म्हणाला की पंक्चरवाल्याने मान वर केली.

त्याने बॉनेट उघडलं, पाना मडगार्डवर आपटला आणि लेकीला खुणेनेच गाडी सुरू करायला सांगितलं. इंजिन थडथडायला लागलं. मडगार्डवरचा पाना नाचायला लागला. मिस्त्रीने डोळे मिटले, मूठ कानामागे टेकवली. व्हॉल्व्ह ठीक. बेअरिंग ठीक. त्याला रडू येईल इतका राग आला. इंजिन त्याच्याशी कधी खोटं बोललं नव्हतं आणि आज तोंडावर खोटं बोलत होतं.

डोळे उघडले तर समोर डबा घेऊन बायको उभी, आणि तिचे ओठ हलत होते.

"पाटी दिसत नाही का?" तो गरजला.

बायकोने इतक्या वर्षांत तो नियम कधी मोडला नव्हता. आज तिने डबा खाली ठेवला, पुढे आली आणि त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाली, "अहो, हा स्स्स करून आवाज कसला येतोय?"

"कसला आवाज? काही आवाज नाही."

"सापासारखा फुसफुसतोय की! इथे, मागच्या बाजूला."

लेकीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बाबा, तो तर पहिल्या दिवसापासून येतोय. मला वाटलं तुम्हाला ऐकू येतच असेल. तुम्हाला सगळंच येतं ऐकू."

मिस्त्रीने बायकोकडे पाहिलं, मग लेकीकडे. "बरं जमवलंत गं दोघींनी! मला बहिरा ठरवायला निघालात? माझ्याच गॅरेजात?"

"बेल तिसरी आहे घरात," बायको म्हणाली. "तिन्ही चांगल्या होत्या."

त्याला ह्यावर बोलायचं होतं, पण तेवढ्यात लेक म्हणाली, "ब्रेकचं तरी बघितलंत ना?"

"ब्रेकचं काय?"

"कडक लागतो म्हणून सांगितलं नव्हतं का? काल उतारावर दोन्ही पाय देऊन दाबला तेव्हा कुठे वळणावर गाडी थांबली. मागच्या खेपेला सांगितलं, इथेच बसून. इंजिन चालू होतं, म्हणून हळूच बोलले. तुम्ही मान डोलावलीत."

मान डोलावली होती. न कळलेल्या बोलण्याला मान डोलवायची सवय त्याला कधी लागली ते त्याचं त्यालाच आठवेना. लेक काहीतरी म्हणाली होती, तो हूं म्हणाला होता, आणि ती पोर तसाच ब्रेक घेऊन टेकडी उतरली होती. राग गेला नाही. फक्त दुसऱ्यांवरचा त्याच्या स्वतःवर येऊन बसला, आणि तो तिथे जास्त टोचतो.

"मग ओरडून सांगायचंस ना!" तो म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

"पाटी कोणी लिहिली?" बायकोने विचारलं.

मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. हाडातून येणारे जाड ठोके त्याला अजून ऐकू येत होते, त्यांच्याच भरवशावर तो कानाची बढाई मारत होता. हवेतून येणारं बारीक काही कधीच हातचं गेलं होतं.

"कुठे येतोय?" त्याने बायकोला विचारलं. "बोट दाखव."

तिने दाखवलं. ब्रेक हलका करणाऱ्या गोल डब्याकडे इंजिनमधून एक जाड रबरी पाइप जात होता. मिस्त्रीने त्याच्याखाली हात घातला. वरून धडधाकट दिसणारा पाइप खालून चांगला बोटभर चिरला होता, आणि ती चीर त्याच्या अंगठ्याची कातडी आत ओढत होती. तिथूनच इंजिन नको ती हवा पीत होतं, आणि ब्रेकचा जोरही तिथेच जात होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्याने अंगठा दाबून धरला. मडगार्डवर नाचणारा पाना जागच्या जागी थांबला.

इंजिन बंद करायला लावून त्याने नवा पाइप बसवला. पट्टी आवळली, पुन्हा आवळली. मग लेकीला गाडी सुरू करायला लावून त्याने स्वतः खिडकीतून वाकून तिचा पाय ब्रेकवर दाबलेला पाहिला. "जातोय का आत?"

लेकीने होकारार्थी मान हलवली. पाना निपचित पडला होता. पण पाना काही कान नव्हे, आणि ही गाडी आता टेकडी चढून उतरणार होती. मिस्त्री वळला. बायको सवयीने पाटीखाली गप्प उभी होती.

"आता का गप्प? ऐकून सांग, येतोय का आवाज अजून?"

बायको काहीतरी म्हणाली.

त्याची मान डोलायला निघालीच होती. त्याने ती थांबवली.

"मोठ्याने बोल ना!" तो अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल एवढ्याने ओरडला. "मला ऐकू येत नाही!"