गोचीडनानांच्या चिठ्ठ्या

बैलाच्या कानामागची गोचीड नाना अशी काढत की बैल शेपटीही हलवत नसे. आधी गळ्याखाली खाजवायचं, त्याच्याशी दोन शब्द बोलायचे, मग चिमटा. धुळ्याच्या आमच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे गोचीडनाना म्हणत. गोचिडींत नवे विषाणू सापडतात का, हे पाहायला ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं पिंपळनेरपासून शिरपूरपर्यंत गोठे हिंडलो. मी अधिकारी, ते माझ्याहून बरेच मोठे, पण मदतनीस.

बैल कुठे बांधला आहे, यापेक्षा तो कुठून विकत आणला, याची नानांना जास्त काळजी. गोठ्यात शिरताच विचारत, "बैल कोठला शे, आबा?" मग गोचिडींच्या नळीला दोन्ही गावांची चिठ्ठी बांधत. मला उशीर झाला की मी चिडे. ते हसत. "साहेब, बैल आते आपला शे, पन त्याना अंगवरला पाहुणा गुजरातना!"

आमच्या तक्त्यात गावासाठी रकाना एकच होता. मी गोठ्याचं गाव तेवढं उतरवलं आणि चिठ्ठ्या फाडून टाकल्या. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

नव्वदच्या दशकात, त्या गोचिडींत सापडलेल्या आणि जपून ठेवलेल्या विषाणूंची जनुकं ताडून पाहिली गेली. पिंपळनेरचा एक विषाणू आसपासच्या गावांतल्या कुठल्याच विषाणूशी जुळेना; गुजरातेतल्या एकाशी मात्र सख्ख्या भावासारखा जुळला. वरून आलेले साहेब म्हणाले, "नळ्यांची अदलाबदल झालेली दिसते. गोळा कोणी केल्या?"

"मी. पन अदलाबदल नही व्हयनी, साहेब," नाना म्हणाले. "तो बैल तिकडला बाजारना. चिठ्ठीवर लिखेल शे. यासले विचारा."

सगळे माझ्याकडे वळले.

"अशी चिठ्ठी माझ्या पाहण्यात नाही," मी म्हणालो.

नाना माझ्याकडे बघत राहिले. रागाने नव्हे; मला आता आठवेल, अशा आशेने.

त्यांना गोठ्यांवर पाठवणं बंद झालं. निवृत्त होईपर्यंत ते काचेच्या नळ्या धूत होते. कोणी एखादी जुनी नळी कुठल्या गावची म्हणून विचारलं, तर सांगून झाल्यावर म्हणत, "पन आखो कोणाले तरी विचारी ल्या."

ते गेल्याचं कळलं तेव्हा मी पिंपळनेरला त्यांच्या घरी गेलो. खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. त्यांच्या पत्नीने, अक्कांनी, चहा दिला आणि समोर बसल्या.

"शेवटलोंग म्हणेत, मन्हीच चूक व्हयनी व्हई. साहेब खोटं कसाले बोलतीन?"

मी बशी खाली ठेवली आणि यंदा पाऊसपाणी कसं आहे, ते विचारलं.