नाईलचाचांचा राहिलेला उगम

धरमतरच्या खाडीचं कौतुक करायचं तर नाईलचाचांच्या मागे करावं लागे. समोर केलं की ते हात झटकत. "ह्याला पाणी म्हणतात व्हय? नाईल बघ!" जन्मले खाडीकाठीच, पण वीस वर्षं सुदानात नाईलवर मालाच्या बार्जवर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. तेवढ्या वर्षांत नाईल त्यांच्या घरची झाली.

तिनं पहिल्याच दिवशी केलेली फजिती मात्र ते स्वतःच सांगत. बार्ज प्रवाहाच्या उलट न्यायची होती. खाडीवाल्याच्या सवयीनं चाचांनी नांगर टाकला आणि भरतीची वाट बघत बसले. "तीन तास बसलो. पाणी आपलं जातंय, जातंय. फिरायचं नाव नाय! तिथले खलाशी चहा पितात नि माझ्याकडं बघून हसतात. समुद्र कुठच्या कुठं, भरती येणार कुठनं?"

मीही कमी नव्हे. हमरापुरात माझा गणपतींचा कारखाना. तिथं भिंतीवर मुलीनं लावलेला नकाशा बघून मी ठासून म्हणालो, "चाचा, नाईल खालून वर कशी वाहील?" चाचांनी नकाशा काढून जमिनीवर आडवा पसरला. "आता कुठं चढ दिसतो, कलाकार? दाखव." मुलगी हसत सुटली. पन्नाशीला माझा भूगोल सुधारला.

गोऱ्या साहेबांनी नाईलचा उगम शोधला म्हटलं की चाचा खवळत. "ताप काढले, भांडले, पुस्तकं लिहिली. तळ्याकाठच्या कोळणीला विचारलं असतं तर तिनं बोट दाखवलं असतं, 'तो काय!'" पण नदी जिथून निघते त्या तळ्यापर्यंत चाचा स्वतः कधी पोचले नव्हते. बार्ज अलीकडेच थांबे. तेवढं एकच राहिलं होतं. गुडघे चालतायत तोवर जायचं, आणि तेही माझ्यासोबत, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. दुबईतला मुलगा दोघांची तिकिटं काढायला तयार होता.

"गणपती झाले की जाऊ," मी म्हणे. गणपती झाले की माघीच्या मूर्ती, त्या झाल्या की परदेशच्या ऑर्डरी. अशी पाच वर्षं.

यंदा मे महिन्यात, ते गेले त्याच्या आदल्या दिवशी, चाचांचं काही खरं नाही असा मला निरोप आला. होतो तसा धावलो. चाचांनी डोळे उघडले.

"झाले काय रे तुझे गणपती?"

कारखान्यात तीनशे मूर्तींचे डोळे रंगवायचे बाकी होते. "झाले, चाचा. चला, निघू."

त्यांनी माझा हात उलटा करून पाहिला.

"खोटारड्या! रंग ओला हाय अजून."

आणि हसले. हात मात्र सोडला नाही.