नऊ गाण्यांमधला बेस

बँडमधले सगळे त्याला कानसेन म्हणत, आणि त्यालाही ते नाव मनापासून आवडे. शिंप्याच्या दुकानाखालच्या तळघरात त्याचा स्टुडिओ होता. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, एक आठ ट्रॅकचं टेपयंत्र, आणि वरून शिलाई मशीनची घरघर. ती थांबली की रेकॉर्डिंग. मधेच शिंपी जिन्यातून डोकावून विचारी, "कोणाला लागलं का?" कारण या बँडचं गाणं आधी कुजबुजायचं आणि मग एकदम किंचाळायचं.

बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा तो कानसेनचा धाकटा सख्खा भाऊ. वडील गेल्यावर कानसेननेच त्याला वाढवलं, पहिला बेसही त्यानेच घेऊन दिला. त्यामुळे बँडचा अल्बम दादाकडेच होणार हे ठरलेलं. नऊ गाणी, अकरा दिवस.

कानसेनला त्यात एकच खोट दिसली. धाकट्याचा हात ड्रमच्या ठोक्याच्या केसभर मागे पडे. तो काही बोलला नाही. चारचौघांत भावाचा पाणउतारा कशाला? बाराव्या दिवशी, कोणी नसताना, त्याने धाकट्याचाच बेस उचलून नऊच्या नऊ गाणी स्वतः वाजवली, अगदी ठोक्यावर. टेपवर आठांपैकी एकही ट्रॅक मोकळा नव्हता, म्हणून धाकट्याच्या वाजवण्यावरच रेकॉर्ड केलं. नवं आलं, जुनं कायमचं पुसलं गेलं. माया आणि दीडशहाणपणा एका घरात नांदले की असं होतं. आपलंच माणूस, त्याला काय विचारायचं?

तयार अल्बम ऐकायला सगळे तळघरात जमले. "काय घट्ट बसलंय," ड्रमवाला म्हणाला. धाकट्याने दोन गाणी ऐकली, आपल्या बोटांकडे पाहिलं, "जरा बाहेर जाऊन येतो" म्हणाला आणि गेला. पुढच्या तालमीला आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. महिनाभरात पाणीपुरवठ्याच्या कचेरीत चिकटला. दादाने विचारलं तर म्हणे, "हौस फिटली." बँडही वर्षभरात मोडला.

अल्बम मात्र जगला, आणि लोक नेमकं त्यातल्या बेसचं कौतुक करत. ते ऐकून कानसेनला तोंड लपवावंसं वाटे. दोघं भाऊ आईच्या चष्म्याबद्दल बोलत, गळक्या नळाबद्दल बोलत; त्या विषयाला कोणी हात घातला नाही.

वीस वर्षांनी अल्बम पुन्हा काढायचं ठरलं. टेपा शोधताना एका तालमीची कॅसेट सापडली, साध्या टेपरेकॉर्डरवर भरलेली. त्यात धाकटा वाजवत होता. कानसेनने ती दोनदा ऐकली. ती चूक नव्हतीच. धाकटा केसभर थांबायचा, म्हणून किंकाळीच्या आधी गाण्याला वजन यायचं. अल्बमवर सगळं बिनचूक होतं आणि कोरडं होतं. जन्मभर कानांची मिजास केली आणि सख्ख्या भावाला कधी ऐकलं नाही, याची त्याला मनस्वी लाज वाटली.

रविवारी सकाळी तो भावाच्या घरी गेला. भावजय कपडे वाळत घालत होती, धाकटा पेपर चाळत बसला होता.

"मी तुझं पुसलं होतं रे. स्वतः वाजवलं."

"माहीत आहे. स्वतःचा हात ओळखू येत नाही का, दादा?"

"मग बोलला का नाहीस?"

"तुझ्या कानांपुढे मी काय बोलणार? वाटलं, माझंच चुकत असेल."

कानसेनने कॅसेट लावली. "ऐक. तुझंच बरोबर होतं. बाकीची टेप शाबूत आहे, बेस तेवढा पुन्हा भरू. तुझा. एवढं मला करू दे."

धाकट्याने पूर्ण गाणं ऐकलं. मग कपाटावरून बेस काढला, पुसला, सुरात लावला आणि कॅसेटबरोबर वाजवू लागला. हात नेमका ठोक्यावर पडत होता. त्याने पुन्हा सुरुवात केली. थांबायला बघे, आणि बोटं आपली पुढे जात. चौथ्या खेपेला त्याने बेस मांडीवर आडवा ठेवला.

"नोकरी लागल्यावर दोन वर्षं मी तुझा अल्बम लावून रोज सराव केला," तो म्हणाला. "म्हटलं, दादासारखं जमलं की परत बँडमध्ये जाईन. जमलं तोवर बँडच उरला नव्हता. आता मागे राहताच येत नाही."

कानसेनने कॅसेट बंद केली.

"पण ठोक्यावर आहे ना आता?" धाकट्याने विचारलं.

"आहे," कानसेन म्हणाला. "अगदी ठोक्यावर आहे."