थंड पट्ट्याखालचा हात

त्या जागेचा वास मला अजून आठवतो. रोह्यात माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर, एका माणसाने थंड उपचारांचं केंद्र काढलं होतं. आत शिरलं की एसीचा गारठा, अत्तराचा फवारा आणि त्याच्याखाली न वाळलेल्या टॉवेलांचा कुबट वास. भिंतीवर बर्फाच्या डोंगरांचे फोटो, टेबलावर प्लास्टिकची फुलं. मालक पांढरा कोट घालायचा. तो डॉक्टर नव्हता हे पुढे कळलं. तेव्हा आम्ही सगळे त्याला डॉक्टर म्हणायचो आणि तो गोड हसून ओ द्यायचा.

ताईला तिथे घेऊन गेले मीच. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी ज्याला त्याला शिव्या देणार आहे आणि त्यात माझा वाटा विसरला जायला नको.

ताई माझी थोरली बहीण. पेणजवळ हमरापूरला दिलेली, सासर गणपती करणाऱ्यांचं. लग्नानंतर ती रंगकामाला बसली आणि सासऱ्यांनी तिचा हात बघून तिला आखणी शिकवली. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. बाकीचं काम कारखान्यात कोणीही करतं, पण डोळे एकाच हाताचे असतात, आणि पस्तीस वर्षं तो हात ताईचा होता. गिऱ्हाईक मूर्ती घ्यायला आलं की आधी वाकून डोळे बघायचं आणि मग मान हलवायचं. ताई आखणीला बसली की पंखा बंद, बोलणं बंद. श्वास धरून एक रेघ ओढायची आणि मगच सोडायचा. मनगटावर डास बसला तर बसू द्यायचा. पहिल्या वर्षी सासऱ्यांनी तिला दुसरं काही शिकवलंच नव्हतं. काही झालं तरी हात हलवायचा नाही, एवढंच.

त्या हाताचं मनगट दुखायला लागलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला दुसऱ्यांच्या दुखण्यावर उपाय सुचवण्याची खोड लागली आहे. केंद्राची जाहिरात मला फोनवर रोज दिसायची. पाच वेळा थंड पट्टा लावा, दुखणं विसरा. मी ताईला रोह्याला बोलावून घेतलं.

दुसऱ्या खेपेला मालकाला कळलं की ही बाई गणपतीचे डोळे काढते. तो खूश झाला. पुढच्याच रविवारी गाडी घेऊन हमरापूरला गेला आणि घरचा पाट देऊन आला. आमच्याकडे गणपती सांगायचा तर आपल्या घरचा पाट कारखान्यात नेऊन द्यायचा, त्याच पाटावर मूर्ती बसवून चतुर्थीला घरी न्यायची. पाट ठेवून घेतला म्हणजे शब्द दिला. मग त्या घराला मूर्ती नाही म्हणायची नाही. ताईच्या सासरी बाकीच्या कशात सूट मिळेल, ह्यात नाही.

तिसरी खेप मे महिन्यातली. त्याने पट्टा मनगटाला आणि अंगठ्याच्या बुडापर्यंत गुंडाळला, मध्ये साधं फडकंसुद्धा न घालता. मशीन सुरू केलं, समोर फोन लावून चित्रीकरण चालू केलं आणि म्हणाला, "हात अजिबात हलवायचा नाही हं मावशी." मग दुसऱ्या फोनवर कोणाशी तरी जागेच्या भाड्याबद्दल बोलत गॅलरीत गेला. पंधरा मिनिटांचा उपचार होता. मी बाहेरच्या गुबगुबीत सोफ्यावर जुनं मासिक चाळत बसले होते. बाहेर एवढा उकाडा आणि इथे कसं गार आहे, असं मला वाटत होतं. तो परत आला तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती.

पट्टा काढला तर अंगठा आणि शेजारचं बोट पांढरं पडलेलं, रंग न दिलेल्या मूर्तीसारखं.

"दुखलं नाही का गं?" मी जिन्यात विचारलं.

"दुखलं ना. आधी जाम दुखलं. मंग काय कळंनाच झालं."

"मग हाक मारायची नाही का? हात ओढून घ्यायचा नाही?"

"तो बोलला ना, हलवू नका," ताई म्हणाली. मी काहीतरी खुळ्यासारखं विचारते आहे असा तिचा चेहरा होता.

दुसऱ्या दिवशी फोड आले. चार दिवसांनी कातडी काळी पडून सुटायला लागली. पेणच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "बर्फात ठेवला होता का?" मग कागदावर लिहिलं, थंडीने झालेली इजा, हिमदंश. मे महिन्यात, पेणला, जिथे दुपारी पायरीवर पाय ठेववत नाही. कातडी येईल, ते म्हणाले, पण शीर दुखावली आहे, अंगठ्याची जाणीव परत येईलच असं नाही. ताईने विचारलं, "ब्रश धरता येईल ना?" डॉक्टर दुसऱ्या पेशंटच्या कागदाकडे बघायला लागले.

मी मालकाला फोन केला. "काहींच्या कातडीला सूट होत नाही," तो म्हणाला. "कोमट पाण्यात ठेवा." संध्याकाळी त्याने जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. ते बोटभर चित्र बघून मला इतकी शिसारी आली की फोन मी पीठ चाळायच्या चाळणीत टाकला आणि दुसरं काम शोधलं.

पेणला रामवाडीत माझी एक जुनी विद्यार्थिनी वकिली करते. वर्गात मागच्या बाकावर बसून डबा खायची, आता समोरच्याचं बोलणं अर्ध्यात तोडून कामाचं तेवढं विचारते. ताईला घेऊन मी तिच्याकडे गेले. पहिल्या दिवशी तिच्यासमोर बोललो तेव्हा मला वाटत होतं की ही एक तक्रार लिहील आणि त्या माणसाला बेड्या पडतील.

"बाई, असं नसतं," ती म्हणाली. "तो डॉक्टर असता तर त्याची तक्रार डॉक्टरांच्या परिषदेकडे झाली असती. तो डॉक्टरच नाही, तर परिषद त्याचं काय काढून घेणार? पोलिसांत निष्काळजीपणाची तक्रार देऊ, आणि डॉक्टर नसताना डॉक्टर म्हणून वावरतो त्याचीही. ती त्यांच्या गतीने चालेल. नुकसानभरपाईसाठी अलिबागला ग्राहक आयोग. त्याने सेवा दिली, त्यात कसूर केली. दोन वर्षांच्या आत जायला लागतं, आपण वेळेत आहोत."

"पण हिने त्याच्या फॉर्मवर सही केली आहे," मी म्हणाले. त्यात लिहिलं होतं की होणाऱ्या परिणामांना पेशंट स्वतः जबाबदार. मी स्वतः तो फॉर्म वाचला होता आणि ताईला म्हणाले होते, कर गं, असं सगळीकडेच असतं.

"सही म्हणजे निष्काळजीपणाला परवानगी नव्हे. ते आपण बघून घेऊ. दवाखान्याचे कागद, फोटो, त्याचे मेसेज, सगळं जपून ठेवा. काही पुसू नका."

मी हातजोडीचं चित्रसुद्धा पुसलं नाही. अजून आहे.

नोटीस गेली, तिला उत्तर नाही आलं. आणि तेवढ्यात श्रावण लागला. कारखान्यात ओळीने मूर्ती उभ्या, पांढऱ्या डोळ्यांच्या. ताईने ब्रश धरून बघितला. तो अंगठ्यातून सुटून खाली पडला आणि पडल्याचं तिला आवाजाने कळलं. त्या वर्षीचे डोळे सुनेने काढले. ती दोन वर्षं ताईकडे बघून शिकत होती, हात चांगला आहे. घरात ठरलं की बाहेर काही बोलायचं नाही. गिऱ्हाईक आलं की ताई नेहमीच्या जागी, रंगाच्या वाट्या समोर घेऊन बसायची, पदराखाली हात घेऊन. मी एकदा गेले तेव्हा ते बघितलं आणि चहा न घेता निघाले.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी तो माणूस मूर्ती न्यायला आला. नोटीस मिळूनही आला, वर पेढे घेऊन आला. त्याचा पाट घरात होता, म्हणून मूर्तीही होती. त्याने ताईला मूर्तीशेजारी उभं केलं आणि फोटो काढला. मी नंतर तिच्यावर भडकले. "त्याला दारातून हाकलला का नाहीस? फोटोत हसलीस कशाला?"

"देव न्यायला आलेल्या माणसाला तोंड वाकडं करून पाठवायचं का?" ताई म्हणाली. "माझं भांडान त्याच्याशी हाय, देवाशी नाय."

मला तेव्हा तिचाही राग आला होता.

चतुर्थीनंतर आयोगात तक्रार दाखल केली, तिला त्याचा लेखी जबाब आला तो मी वकिलीणबाईच्या टेबलावर वाचला. स्वच्छ टाईप केलेला, सोबत चित्रीकरणाचा पंधरा मिनिटांचाच तुकडा आणि फोटो. पहिलं म्हणणं, तक्रारदार महिला उपचाराच्या वेळी पूर्णपणे निवांत होत्या, चित्रीकरणात त्या एकदाही हललेल्या दिसत नाहीत, वेदना होत असत्या तर कोणत्याही माणसाने हात काढून घेतला असता. दुसरं, त्यानंतर त्यांनी आमच्या घरच्या गणपतीचे डोळे स्वतः त्याच हाताने काढले, सोबत फोटो, सबब हाताला कोणतीही इजा नाही.

चित्रीकरण आम्ही बघितलं. ताई बसली आहे. पाठ ताठ, हात टेबलावर, नजर एका जागी. मध्येच तिचे ओठ आत ओढले जातात आणि ती श्वास धरते. मी तिला हजारदा असं बसलेलं बघितलं आहे, समोर मूर्ती असताना. त्या हरामखोराने तिचं अख्ख्या आयुष्याचं शिक्षण तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून लावलं होतं, आणि देवाचा फोटो वर चिकटवला होता. मी उठून बाहेर गेले आणि रस्त्याच्या कडेला थुंकले. इतकी वर्षं मुलांना रस्त्यावर थुंकू नका म्हणून सांगितलं.

परत आले तेव्हा वकिलीणबाई ताईला सांगत होती, "मावशी, हात का हलवला नाहीत ते मी मांडते. पण डोळ्यांचं तुम्हालाच सांगावं लागेल. शपथेवर. की ह्या वर्षी एकही डोळा तुम्ही काढला नाही, सुनेने काढले."

"त्याच्या एकट्याच्या गणपतीचं सांगितलं तर?"

"अर्धवट सांगितलं तर ते उलटतपासणीत बाकीचं काढतील."

"म्हंजे सगल्यांना कळंल."

"कागद आयोगात जाणार. आणि तो गप्प बसणार नाही."

मला सगळं स्पष्ट दिसत होतं. हात गेला हे सिद्ध करायचं तर नाव घालवायचं, आणि नाव राखायचं तर हात शाबूत आहे असं त्या माणसाबरोबर आपणही म्हणायचं. मी म्हणाले, सोडून देऊ हे. मला त्या कागदांना हात लावायचीसुद्धा किळस वाटत होती.

"सोडून देऊ म्हंजे?" ताई माझ्याकडे वळली. "तुला लाज वाटते म्हणून?"

तिने शपथपत्र मागून घेतलं. सही करताना पेन दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा डाव्या हाताने उजवा अंगठा पेनावर दाबून तिने नाव लिहिलं, अक्षरं एकमेकांवर चढलेली. वकिलीणबाईचा कारकून म्हणाला, मावशी, फॉर्मवरच्या सहीसारखी करा, जुळायला हवी. त्याच्यासमोर केंद्राचा तो फॉर्म होता, त्यावर तिची पस्तीस वर्षांची रेघ, एका दमात ओढलेली.

"आता हीच माझी सही," ताई म्हणाली.

वकिलीणबाईने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघितले. मग कारकुनाला म्हणाली, "राहू दे. दोन्हीच्या प्रती जोड."

प्रकरण अजून चालू आहे. तारखा पडतात, आम्ही अलिबागला जातो, उन्हात उभ्या असलेल्या एसटीत बसून परत येतो. केंद्राची पाटी बदलली आहे, माणूस तोच आहे. परवा त्याच्या जिन्यावरून एक बाई गुडघ्याला हात लावत वर चढताना दिसली. मी तिला हाक मारून थांबवलं आणि सगळं सांगितलं. ती घाबरून माझ्याकडेच बघायला लागली, पण खाली उतरली.

गेल्या महिन्यात मी हमरापूरला होते. कासू गावचं एक गिऱ्हाईक आलं, वीस वर्षांचं जुनं, काखेत पाट. ताई नेहमीच्या जागी बसली होती, पण हात पदराबाहेर होता. त्याने पाट खाली ठेवला. ताई म्हणाली, "दादा, एक सांगते. डोले आता सून काढते. माझा हात चालत नाय."

तो माणूस वाईट नव्हता. त्याने हाताची चौकशी केली, सुनेने काढलेल्या मूर्ती बघितल्या, वाकून डोळे बघितले. मग म्हणाला, घरी आईला विचारून येतो, तिला तुमच्याच डोळ्यांची सवय झाली आहे. आणि पाट परत काखेत घेतला. त्या घरातून पाट परत गेलेला मी कधी बघितला नव्हता. सून आत ब्रश धूत होती, तिने नळ बंद केला नाही.

तो रस्त्याला लागेपर्यंत ताई हात न हलवता बसली होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "वकिलीणीला फोन लाव. हे पण लिव म्हणावं."