विचार केला, विचारलं नाही

भानुमती काशिनाथ मेहेर. वय सव्वा वर्ष. पावसाळ्याच्या तोंडावर होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात, त्या आठवड्यात मुंबईतल्या एका मोठ्या दवाखान्यात तिच्या निरोगी शरीरावर सुरी चालवली गेली. तिला ताप नव्हता, लघवी तुंबली नव्हती, दूध पचत होतं, भिंतीला धरून उभी राहायला नुकतीच शिकली होती. तिचा गुन्हा एवढाच, की मुलगी आणि मुलगा या दोन रकान्यांच्या मध्ये कुठेतरी ती जन्मली होती, आणि मोठ्या माणसांना ते बघवत नव्हतं.

पत्रक असंच सुरू करायचं असतं. अन्याय कोणावर झाला, कधी झाला, ते पहिल्यांदा सांगायचं. मला तेवढंच येतं. आत्याने हे वाचलं असतं तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली असती, "काय गो, पोलिसात तक्रार लिवतेस काय?"

दीड महिन्यापूर्वी मी मनोरच्या बाजारात पत्रकं वाटत होते, तेव्हा बाबांचा फोन आला. बाबा फोनवर आधी बोलत नाहीत, समोरच्याच्या 'हॅलो'ची वाट बघतात. त्या दिवशी मी काही बोलायच्या आत म्हणाले, "भानू गेली." तुझी आत्या गेली असंही नाही... भानू गेली. त्या क्षणी ते माझे बाबा नव्हते, फक्त तिचे धाकटे भाऊ होते. सकाळची चहा-भाकरी झाल्यावर ती दारातल्या पाटावर सुकट निवडायला बसली, सुपलीवर हात ठेवला आणि तशीच भिंतीला टेकली. शेजारणीला वाटलं, डुलकी लागली.

तिचं गुपित मी चव्हाट्यावर मांडतेय असं ज्यांना वाटेल त्यांना आधीच सांगते, तिने मला परवानगी दिली होती. "मी हाय तोवर गावात बोलू नको. मासळी विकायची हाय मला. गेल्यावर लिव. पण नाव घालून लिव, 'एक महिला' असं नको." म्हणून नाव घातलं आहे.

बाबा कुंभवलीच्या एका कारखान्यात लागले आणि आम्ही बोईसरच्या चाळीत राहायला आलो, पण माझी मे महिन्याची सुट्टी आत्याची असायची. तारापूरच्या बाजूला समुद्राकाठी तिचं दोन खोल्यांचं घर, समोर बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांडी. दोन-दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगलेले, वाऱ्यावर हलणारे. त्यांच्या सावलीत आम्ही पोरं लपाछपी खेळायचो आणि संध्याकाळी आमच्या केसांना असा वास यायचा, की चाळीत परतल्यावर आई आधी न्हाणीघरात ढकलायची. मला अजून तो वास आला की पोटात भूक नाही, सुट्टी उठते.

आत्याची एक सवय मात्र सगळ्या किनाऱ्याच्या चेष्टेचा विषय होती. कोणाचंही पोर असो, ती ते सरळ उचलायची नाही. हात धुवायची, पदराला पुसायची, उकिडवी बसायची, दोन्ही हात पुढे करायची आणि विचारायची, "घेऊ का तुला?" आणि मग थांबायची. पोर झुकलं तर घ्यायची. तोंड फिरवलं तर, "बरं. नको तर नको," म्हणून आपल्या कामाला लागायची. बाजारातल्या बायका हसून लोटपोट व्हायच्या. "भाने, पोर काय सरपंच हाय, तू परवानगी मागतेस ती?" आत्या म्हणायची, "सरपंच असता तर तुमीच हात जोडून विचारलं असतं." ती आमच्याकडे बोईसरला आली की शेजारच्या गुप्ताभाभींनाही नवल वाटायचं. "बुआजी, बच्चे से क्या पूछना? उठा लो!" त्यांना ती तिच्या हिंदीत सांगायची, "पूछने का. उसका अंग हाय, मेरा थैली नाय."

मला तो खेळ वाटायचा. मी मुद्दाम 'नको' म्हणायचे आणि ती खरंच निघून गेली की मीच तिच्या मागे धावायचे. पुढे कळलं, माझ्या 'नको'ला एवढा मान दुसऱ्या कुठल्याच घरात नव्हता. मामा गाल ओढायचे, काका गुदगुल्या करून रडवायचे, पाहुणे मांडीवर ओढायचे, आणि मी अंग चोरलं की सगळे म्हणायचे, लाजते.

पालघरला कॉलेजात असताना मी या चळवळीत आले. आम्ही मूठभर पोरं-पोरी आहोत. आमचं म्हणणं एका दमात सांगता येतं. मूल मुलगी असो, मुलगा असो की आंतरलिंगी, म्हणजे जन्मतः शरीराची ठेवण या दोन्ही साच्यांत न बसणारं असो, त्याच्या नाजूक अवयवांवर त्याच्या समजेआधी, आजार नसताना, सुरी चालवायचा अधिकार कोणालाही नाही. रूढीला नाही, डॉक्टरला नाही, आईबापालाही नाही. आमचं पहिलं पत्रक मी मोठ्या तोऱ्यात आत्याला वाचून दाखवलं. शीर्षक होतं, 'बालकांच्या शारीरिक स्वायत्ततेचा जाहीरनामा'.

"स्वायत्तता म्हंजे गो? ती ग्रामपंचायतीला असते ती?"

"नाही आत्या. स्वतःच्या शरीरावर स्वतःचा हक्क."

"मग तसं लिव ना. बाजारात वाटशील तर बायकांना वाटेल नसबंदीचं हाय. सुकट बांधून देतील त्याच्यात." मग थोडा वेळ सुकटीतले खडे वेचत राहिली. "आणि ही अशी पोरं तुला भेटली कुठे?"

"भेटत नाहीत, आत्या. तीच तर अडचण आहे. सगळी घरं लपवतात."

तिने सुपली पाखडली. पुन्हा पाखडली. मान वर न करता म्हणाली, "एक भेटली असं लिव."

मला कळायला वेळ लागला... ती एक म्हणजे आत्या स्वतःच, हे कळेपर्यंत मी पत्रकाच्या मागे तसं लिहायलाही घेतलं होतं. तीच बोलत राहिली, जेवायला काय करायचं ते सांगावं तशी. लहानपणी तिला वर्षातून काही वेळा मुंबईला न्यायचे. पडदा सरकवायचे, चादर बाजूला करायचे, शिकाऊ डॉक्टर भोवती उभे राहायचे. तिला कोणी नावाने हाक मारली नाही. "मला वाटायचं, शाळेत जातात तसं सगळ्या पोरींना तिथे जावं लागतं." एकोणीस वर्षांची झाली तरी आईवडील तिचं स्थळ बघेनात, आलेली माणसं परस्पर माघारी पाठवत. तेव्हा तिने आईला बोंबील वाळत घालता घालता धरलं, आणि आईने सांगून टाकलं. जन्मभर लघवीला आग, अंगाचा एक भाग बधिर, मूल होणार नाही, आणि या सगळ्याला घरात एकच शब्द होता, दुरुस्ती. पोरीची दुरुस्ती केली.

"आजीचा राग नाही आला?"

"आई काय करणार? डॉक्टर दुरुस्ती म्हणाला, तिला वाटलं जाळं सांधतात तसं. पण गो, जाळं फाटलेलं असतं म्हणून सांधतात. माझं काय फाटलं होतं?"

पत्रक आम्ही नव्याने लिहिलं. वर मोठ्या अक्षरांत काय घालायचं ते तिने सांगितलं, दोनच शब्द. "आदी विचारा." मी शुद्ध करून 'आधी विचारा' असं लिहून बोईसरच्या छापखान्यात दिलं. छापखानेवाले काका सज्जन माणूस. त्यांना वाक्य अपुरं वाटलं, त्यांनी ते प्रेमाने पूर्ण केलं. गठ्ठा सोडला तर प्रत्येक पत्रकावर छापलेलं, 'आधी विचार करा'. मी तिथेच तावातावाने भांडले. काका बिचारे म्हणाले, "ताई, अर्थ तोच झाला की!"

गठ्ठा घेऊन रडकुंडीला आलेली मी आत्याच्या ओट्यावर आदळले. तिने पत्रक लांब धरून वाचलं आणि आधी पोट धरून हसली. मग हसू ओसरलं. "अर्थ तोच कसा होईल? विचार तर माझ्या बापानं पण केला होता. समुद्रावर गेला नाय, धड जेवला नाय, एवढा विचार केला. डॉक्टरनं पण केला असेल. सगळ्यांनी विचारच केला... विचारलं नाय कोणी."

सभेत मला हमखास विचारतात तो प्रश्न मी तिला विचारला, "सव्वा वर्षाच्या पोराला काय विचारणार, आत्या?"

"विचारता येत नाय तर थांबायचं. बोंबील वाळला नाय तर आपण काढतो काय वलांडीवरनं?"

मग तिने खोलीतून निळं पेन आणलं. 'करा' खोडायचं, 'विचार'च्या र-ला एक काना द्यायचा. झालं 'विचारा'. दोन दुपारी आम्ही ओट्यावर बसून तेच करत होतो. माझे काने सरळ, तिचे वल्ह्यासारखे तिरके आणि लांब, खालच्या ओळीत घुसणारे. मधेच ती वलांडीवरचे बोंबील परतून यायची आणि ओल्या हाताने पुढचं पत्रक घ्यायची. इतकी सुखाची दुपार मी नंतर कुठल्याच सभेत, कुठल्याच मोर्च्यात पाहिली नाही.

त्यातलं एक पत्रक वाणगावकडच्या एका घरात पोचलं. त्या घरात असंच एक बाळ जन्मलं होतं. त्याचं नाव मी लिहिणार नाही, ते घर माझं कोण लागतं हेही नाही. आत्याने स्वतःचं नाव स्वतः दिलं, बाळाने अजून दिलेलं नाही. दवाखान्यात त्यांना सांगितलं होतं, वर्षाच्या आत उरकून टाका. आत्या माझ्याबरोबर तिथे गेली. बाळाची आजी म्हणाली, "उद्या लग्नाचं कोण बघणार?" आत्या म्हणाली, "आदी चालू तर दे त्याला. लग्नाला निघाल्या!" सगळे हसले, आणि त्या हशातच तिने स्वतःची गोष्ट सांगितली. बाळाचा बाप खाली बघत म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, इतक्या लहानपणी केलं की आठवत नाही." आत्या म्हणाली, "मलाही आठवत नाय. रोज कळतं."

त्या घराने दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी रक्त तपासलं, सांगितलं, बाळ ठणठणीत आहे, औषधाची गरज पडली तर बघू, सुरीची घाई नाही. घर थांबलं. आत्या सवड मिळेल तशी जायची, सुकटीची पुडी घेऊन. हात धुवायची, पुढे करायची, "घेऊ का तुला?" पहिल्यांदा बाळ तिच्याकडे नुसतं बघत बसलं. पुढे कधीतरी झुकलं. त्या दिवशी वाणगाव स्टेशनवर ती गाडी येईपर्यंत एकटीच हसत होती.

तिच्या बाराव्याला ते घर आलं होतं. जेवणं उरकली आणि बाळाची आजी मुलाला म्हणाली, "भानूच्या शब्दाखातर थांबलो. आता ती नाय. या सुट्टीत करून टाका, पोर शाळेत जायच्या आत." मी बोलायला उठले. मुद्दे तोंडपाठ होते, आवाजही चढला होता... पण बाळाच्या बापाचं लक्षच नव्हतं. तो दाराकडे बघत होता. बाळ दुडदुडत तिथे गेलं होतं आणि आत्याच्या रिकाम्या पाटाशी उभं होतं. पलीकडे तीन पायऱ्या. एरवी त्याने झटकन उचललं असतं. तो गेला, पायरीच्या बाजूला उकिडवा बसला आणि दोन्ही हात पुढे केले. "घेऊ का तुला?"

बाळाने मान हलवली. नाही.

"बरं. नको तर नको," तो म्हणाला आणि पायऱ्या अडवून तिथेच जमिनीवर बसला. मग मागे न बघता आईला म्हणाला, "आई, ते मोठं होऊ दे. त्याला विचारू."

आजी अजून कुरकुरते. नातेवाईक अजून फोन करतात. लढाई संपलेली नाही, त्या बाळाचं शरीर अजून रोज कोणाच्या तरी सल्ल्याच्या टप्प्यात आहे. तो पाट मी बोईसरला आणलाय. त्यावर उरलेला गठ्ठा ठेवलाय, निळ्या तिरक्या कान्यांचा, सुकटीचा वास मारणारा. तो वाटून संपवायला माझा जीव होत नाही, आणि ठेवून चालणार नाही हेही कळतं.

म्हणून आता तुम्ही. हळहळ नको, ती आम्हाला पुष्कळ मिळते. तुमच्या घरात, नात्यात, शेजारात निरोगी बाळाच्या अंगाकडे बोट दाखवून कोणी 'उरकून टाका' म्हणालं, तर त्याच जागी, मोठ्याने विचारा, बाळ आजारी आहे का? थांबलं तर बाळाचं काय बिघडेल? जिवाला धोका असेल तर धावत जा, मिनिटभर दवडू नका. पण उत्तरात लग्न आलं, लोक आले, शेजारी आले, तर बाळाला घेऊन घरी या. आणि घेण्याआधी हात पुढे करा. विचारा. मग थांबा.