काठावरची शिट्टी

"पोहणं हा ढिवराचा धंदा आहे, खेळ नाई. नाव काढ त्याचं."

मालगुजार खुर्चीत बसून बोलला. तलावाच्या पाळीवर पाच गावं जमली होती. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, कायद्यानं गेली, खुर्ची गेली नव्हती. मी ब्लॉकचा खेळ संघटक, अंगात कोट, गळ्यात शिट्टी. अन् शर्यतीच्या यादीतून नाव काढाचं होतं ते माझ्या सख्ख्या भावाचं.

म्हणजे मी बी ढिवरच, मासे मारणाऱ्या जातीचा. पण मालगुजार मले 'मास्तर' म्हणे. तिथंच मी विकल्या गेलो.

हे सामने भरवाले मीच गावोगाव फिरलो होतो. हुतुतू, खो-खो, धावणं, अन् शेवटी तलावातली शर्यत. दादानं कमरभर पाण्यात उभं राहून शेवाळ उपसलं, गाळातले खुंट काढले, हद्दीचे बांबू रोवले. दमला की म्हणे, "यंदा मले बी पोहू दे रे भाऊ. पोटासाठी लय पोहलो."

तरी मी मालगुजाराले म्हणलो, "बरं, काढतो नाव."

वरून तो हसला. "डोंग्यात बसव त्याले. कोणी बुडलं तं काढाले पाह्यजे ना!"

लोकं खदाखदा हसले. दादानं डोंगा सोडला. पहिली फेरी झाली. पाटलाचा जावई हातपाय झाडत पुढं, दादा मागं मागं वल्हवत. त्यानं माझ्याकडं पाह्यलं बी नाई. आईवरून शिवी दिली असती तं बरं झालं असतं. असली लाज वाटली मले, की कोट अंगाले टोचाले लागला.

दुसऱ्या फेरीचे गडी काठावर उभे राह्यले. "वाजव मास्तर," मालगुजार म्हणला.

मी शिट्टी ओठाले लावली. काढली. खिशात टाकली.

"काऊन रे?"

"ज्यानं तलाव साफ केला, त्याचं नाव पहिलं येईन. नाई तं शर्यत नाई."

"ढिवर तो ढिवरच!"

"हो. मी बी ढिवरच."

शर्यत मोडली. लोकं शिव्या देत घरी गेले. मी दादापाशी पळत गेलो. म्हणलो, चाल, आपण दोघं पोहू. तो बांबू उपटून राह्यला होता.

"तवाच बोलाचं होतं," एवढंच म्हणला.

खरं बोलला. दादाची शर्यत मी खाल्ली. माफी मागून ते पाणी मागं येत नाई.

आता कोणत्याही गावी गेलो की आधी विचारतो, मैदान कोणं झाडलं? चुना कोणं टाकला? ते खेळतीन तं सामने होतीन. नाई तं कोणीच खेळणार नाई. नोकरी जाईन तं जाऊ दे.

जाळं फेकता येते मले.