पितळी गरुडाची चोरी

खालापूर पोलीस ठाण्याच्या हद्दीतली ती चोरी आठवली की आजही हसू येतं आणि थोडी लाजही वाटते. माझ्या निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं राहिली होती.

एका चित्रपटासाठी माळावर इंग्लंडमधल्या खेड्यातलं सातशे वर्षांपूर्वीचं चर्च उभारलं होतं. पंचनाम्यासाठी आत गेलो आणि नकळत टोपी काढली. टोकदार कमानी, दाराशी बाळांच्या नामकरणासाठी दगडी कुंड, वेदीपुढे कोरीव लाकडी जाळी, तीन कुलपांची भलीमोठी पेटी. कमानीवर टिचकी मारली तेव्हा कळलं, सगळं प्लायवूड! खरी जुनी वस्तू एकच होती, पंख पसरलेला पितळी गरुड. त्याच्या पंखांवर धर्मग्रंथ ठेवून वाचायचा. तो मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून भाड्याने आणला होता. आगीच्या प्रसंगासाठी त्याची हुबेहूब फायबरची नक्कलही केली होती. चित्रीकरण संपल्यावर दोन्ही गोणपाटात बांधून ठेवले. चार दिवसांनी पाहिलं, तर उरली होती नक्कल.

फिर्याद देणाऱ्या व्यवस्थापकाचा संशय रखवालदारावर होता. डोंगरातल्या ठाकूरवाडीतला पन्नाशीचा माणूस. त्यातच आम्हाला खबर मिळाली की तो जड गोणी पाठीवर घेऊन वाडीकडे जाताना दिसला. आम्ही लगेच जाऊन घराची झडती घेतली. गोणीत दोन फणस निघाले. तरीही त्याला जीपमध्ये बसवून ठाण्यात आणलं. सगळी वाडी बघत होती.

तासभर माझा हवालदार एकच विचारत होता, "कुठं लपवलास?"

"मी नाय नेला." यापलीकडे तो बोलेना.

शेवटी मी हवालदाराला थांबवलं, चहा मागवला आणि रखवालदाराला खुर्ची दिली. "काका, त्या चार दिवसांत गेटातून काय काय बाहेर गेलं, तेवढं सांगा."

"सुताराचा टेंपो गेला. पक्षी मला दिलाय, असा बोलला. चार जनांनी उचलला तरी वाकले."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"सायेब, तुमी इचारलंच नाय."

हवालदार खाली बघायला लागला. मीही.

सेटवरचा मुख्य सुतार भिवपुरीजवळच्या गावचा. कलादिग्दर्शकाला फोन लावला, तेव्हा त्याने सांगितलं की फायबरचा पक्षी आपणच सुताराला त्याच्या गावच्या देवळासाठी भेट दिला होता. व्यवस्थापकाला याचा पत्ताच नव्हता.

संध्याकाळी त्या गावच्या विठ्ठलमंदिरात पोचलो. पितळी गरुड हळदकुंकू लावून सभामंडपात बसवला होता आणि त्याच्या पंखांवर पोथी ठेवून वाचन चाललं होतं. अध्याय संपेपर्यंत आम्ही बूट काढून मागे बसलो.

सुताराला सगळं सांगितलं तेव्हा त्याला घाम फुटला. "सायेब, गोणपाट सोडलं तवा पितळ दिसलं, पण मला वाटलं रंग असंल. जड लागला, पण म्हटलं देव हाय, जड असनारच!"

गावकरी म्हणाले, "बसवलेला देव उठवायचा कसा?"

तोडगा सुतारानेच काढला. "मी सागाचा कोरून देतो. हात जोडलेला, आपला गरुड." मग नारळ फोडून गावकऱ्यांनीच मुद्देमाल आमच्या गाडीत चढवला. चोरी नव्हे, गैरसमज होता, असा अहवाल, म्हणजे 'क' समरी, कोर्टात पाठवून गुन्हा मिटवला.

रखवालदाराला म्हटलं, "काका, सुटलात. घरी जा."

तो हलला नाही. "नेताना सगल्यांनी बघितलं. आता तुमीच येऊन सांगा, मी चोर नाय म्हनून."

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत अशी मागणी कोणी केली नव्हती. मी त्याच्याबरोबर गेलो. वाडीच्या मधोमध उभा राहून म्हणालो, "यांनी चोरी केलेली नाही. चूक आमची होती."

मागून एक म्हातारी ओरडली, "जोरात बोल रं, हिकडं ऐकू नाय आलं!"

सगळे हसले. मी पुन्हा जोरात सांगितलं. रखवालदार तेव्हा कुठे माझ्याकडे बघून हसला.

त्यानंतर ठाण्यात कुणालाही आणलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे, "तुम्ही काय पाहिलंत?" आणि निर्दोष सुटलेल्या माणसाला घरापर्यंत पोचवायला मी स्वतः जात असे.